एअर रायफल घेतली, नेम कुठे धरू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे, कृषी सेवा केंद्र चालवणारे हे वाचक चाळिशीच्या आतले आहेत. गावालगत त्यांची शेती आहे. काही महिन्यांपूर्वी त्यांनी हौसेने एअर रायफल घेतली. देशी बनावटीची, नळी मोडून छर्रा भरायची, .१७७ इंची, वर दुर्बीण बसवलेली. सुट्टीच्या दिवशी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, डब्या-बाटल्यांवर नेम धरायचे. शेजारच्या वावरवाल्याने हटकलं, "बाया कापूस वेचायला येतात, इथं बंदुका कशाला?" तेव्हापासून ते बंद आहे. मग एका मोठ्या शहरातल्या शूटिंग अकॅडमीत रायफल घेऊन गेले, तर दारातच सांगण्यात आलं की ही इथे चालणार नाही. बायको म्हणते विकून टाका. चुलतभाऊ म्हणतो, रात्री रानडुकरं येतात, त्यांच्यावर चालव. आठवीतली मुलगी म्हणते, बाबा मला शिकवा. त्यांचा प्रश्न असा आहे: "आमच्यासारख्या साध्या एअर गनवाल्यांना आत घेणारी रेंज मराठवाड्यात मिळेल का? की लाखांची रायफल घेतल्याशिवाय कुणी उभंच करत नाही? आणि लायसन लागत नाही, तर मग एवढी बंधनं कशाला?"

भाऊ,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे प्रश्न त्यात अडकलेले आहेत.

लायसन लागत नाही हे खरं आहे, पण अटींसह खरं आहे आणि त्या अटी दुकानात फारशा कुणी समजावून सांगत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचं भोक ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे .१७७ इंचापेक्षा मोठं नको आणि ताकद २० ज्यूलच्या वर नको. दोन्ही अटी एकाच वेळी पाळल्या गेल्या तरच परवान्यातून सूट. त्यामुळे .२२ ची एअर गन दिसायला तुमच्या रायफलसारखीच असली तरी ती या सुटीत बसत नाही. तुमची .१७७ आहे, म्हणजे मोठी काळजी मिटली. मात्र कुणी "पॉवर वाढवून देतो" म्हणून आतली स्प्रिंग बदलून दिली असेल, तर ती मूळची करून घ्या. बिल सांभाळून ठेवा, त्याची एक झेरॉक्स रायफलच्या कव्हरमध्ये कायम असू द्या.

आता ही सूट म्हणजे नक्की काय? वस्तू घरात ठेवायला परवाना नको, एवढंच. ती कुठेही, कुणाच्याही दिशेने, कधीही चालवायची मुभा त्यात नाही. सणासुदीला, निवडणुकीला, गावात तणाव असताना जिल्हा प्रशासन महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश काढतं. "शस्त्रे, सोटे, भाले, बंदुका बाळगून फिरण्यास मनाई" अशी चार ओळींची बातमी आतल्या पानावर येते आणि आपण ती वाचत नाही. तुमच्या खांद्यावरची रायफल छर्ऱ्याची आहे की काडतुसाची, हे लांबून पाहणाऱ्याला कळत नाही. पोलिसालाही नाही, कापूस वेचणाऱ्या बाईलाही नाही. शेजारच्या बीडमध्ये २०२५ साली शस्त्रपरवान्यांची फेरतपासणी झाली, बरेच परवाने रद्द झाले. त्या बातम्या तुमच्या शेजाऱ्यानेही वाचल्या असतील. बंदूक या गोष्टीबद्दल आपल्या भागात आत्ता जी धास्ती आहे ती उगाच आलेली नाही आणि तुमची हौस कितीही निर्मळ असली तरी तिला त्याच हवेत राहायचं आहे. हे मान्य करून पुढे गेलात तर रस्ते सापडतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता त्या अकॅडमीच्या दाराकडे येऊ. तुम्ही लिहिलंय की गावाकडचा माणूस आणि स्वस्तातली गन पाहून तुम्हाला परत पाठवलं. तसं झालंही असेल. इतक्या लांबून आलेल्या माणसाला खुर्ची देऊन दोन वाक्यांत कारण सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही याचं मलाही वाईट वाटतं. पण कारण नव्हतं असं मात्र समजू नका.

स्पर्धेत वापरतात ती १० मीटरची एअर रायफल छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने सोडते. ताकद मोजली तर साडेसात ज्यूलच्या आसपास. तिला तेवढंच लागतं, कारण दहा मीटरवर कागदाला भोक पाडायचं असतं, बाकी काही नाही. तुमच्यासारखी नळी मोडायची स्प्रिंगची रायफल बहुतेक वेळा सेकंदाला अडीचशे मीटरच्या पुढे छर्रा फेकते. वेग दीडपट झाला की ताकद दुपटीच्या वर जाते. त्या हॉलमधला छर्रे अडवणारा डबा, मागची पाटी, लाखो रुपयांची इलेक्ट्रॉनिक टार्गेट्स, हे सगळं साडेसात ज्यूलच्या हिशेबाने बसवलेलं असतं. तुमची रायफल तिथे चालवणं म्हणजे बोळात ट्रॅक्टर घालण्यासारखं आहे. ट्रॅक्टरमध्ये खोट काहीच नसते.

दुसरं कारण छर्ऱ्यांचं. रेंजवर चपट्या तोंडाचे शिशाचे छर्रे चालतात. ते कागदात स्वच्छ गोल भोक पाडतात, गुण मोजता येतात, आणि डब्यात आपटून चपटे होऊन पडतात. टोकदार छर्रे खोल घुसतात, आणि बाजारात मिळणाऱ्या पोलादी गोळ्या तर आपटून उलट्या येतात. पोलादी गोळ्या वापरणाऱ्याला कोणतीही शहाणी रेंज आत घेणार नाही आणि घेऊही नये. तिसरं कारण वरची दुर्बीण. १० मीटरच्या स्पर्धेत ती मान्य नाही, शिवाय पुष्कळशा दुर्बिणींतून दहा मीटरवरचं टार्गेट धड स्पष्टही दिसत नाही. आणि चौथं, जे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही: रायफल कव्हरमध्ये होती का? उघडी हातात धरून आत येणारा अनोळखी माणूस पाहिला की रेंजवरचा जबाबदार माणूस आधी दार अडवतो. त्याने तसं करावं हीच अपेक्षा असते.

म्हणजे नकार तुम्हाला होता की त्या रायफलला, त्या छर्ऱ्यांना आणि त्या पद्धतीला, हे अजून ठरलेलं नाही. पुन्हा विचारून पाहायला हरकत नाही, फक्त विचारण्याची रीत बदलायची.

आता मराठवाड्यात रेंज शोधायची कशी. आपल्या डोळ्यांसमोर रेंज म्हटलं की पुण्याच्या बालेवाडीचं क्रीडा संकुल किंवा मुंबईत वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज येते. त्यामुळे आपल्याकडे काहीच नाही असं वाटतं. पण १० मीटरच्या रेंजला लागतं काय? पंधराएक मीटर लांबीची खोली, चांगला उजेड, भक्कम मागची भिंत, छर्रे अडवायचे डबे आणि एक जाणता माणूस. अशा खोल्या शाळांच्या मागच्या इमारतीत असतात, महाविद्यालयांच्या जिमखान्यात असतात, क्रीडा संकुलांत असतात, एखाद्या माजी सैनिकाने चालवलेल्या अकॅडमीत असतात. रस्त्यावर त्यांची पाटी दिसेलच असं नाही. त्या माणसांकडून कळतात, आणि ती माणसं कुठे भेटतात ते सांगतो.

पहिला पत्ता तुमच्या जिल्ह्याच्या क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय. दरवर्षी शालेय क्रीडा स्पर्धा होतात, त्यात नेमबाजी हा खेळ आहे. कागदोपत्री त्याला 'रायफल शूटिंग' म्हणतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्या असतात. शालेय खेळांसाठी राज्याचे आठ विभाग आहेत, त्यातले छत्रपती संभाजीनगर आणि लातूर हे दोन मराठवाड्यातले. तिथे जाऊन "रेंज कुठे आहे?" असं विचारलंत तर "आपल्याकडे नाही" असं उत्तर येण्याची शक्यता आहे. त्याऐवजी असं विचारा: मागच्या वर्षी आपल्या जिल्ह्याची शालेय रायफल शूटिंग स्पर्धा कोणत्या जागी झाली? विभागाची कुठे झाली? कोणत्या शाळांची मुलं उतरली होती? स्पर्धा प्रमुख कोण होते? स्पर्धा झाली म्हणजे कुठेतरी लेन, म्हणजे नेम धरून उभं राहायच्या जागा, लागल्या, टार्गेट टांगली गेली, कुणीतरी मुलांना शिकवलं. त्या नावांपैकी एकाला गाठलं की बाकीची साखळी उलगडते. मी शाळेत क्रीडा शिक्षक होतो तेव्हा खेळाडूंसाठी जागा आणि प्रशिक्षक बहुतेक वेळा असेच सापडले आहेत, माहितीपत्रकातून क्वचितच.

दुसरा पत्ता सैनिकी शाळांचा. महाराष्ट्रात जिल्ह्याला एक सैनिकी शाळा असावी असं धोरण आहे आणि मराठवाड्यातही अशा निवासी शाळा आहेत. अनेक ठिकाणी त्यांच्याकडे एअर रायफल आणि लहानशी रेंज असते. बाहेरच्या प्रौढ माणसाला तिथे रोज जाता येणार नाही, पण तिथले प्रशिक्षक तुम्हाला रस्ता दाखवू शकतात आणि सुट्टीतली शिबिरं कधी असतात ते सांगू शकतात. एनसीसी असलेल्या महाविद्यालयांतही हीच चौकशी करा.

तिसरा, राज्य संघटना. पुढे कधी स्पर्धेत उतरायचं असेल तर महाराष्ट्र रायफल असोसिएशनशी संबंध येणारच; राज्य अजिंक्यपदाची कॅप्टन इझिकेल स्पर्धा त्यांचीच. त्यांना एकच विचारा: आमच्या किंवा शेजारच्या जिल्ह्यात तुमच्याशी संलग्न क्लब कोणता? नुसता छंद म्हणून खेळायचं असेल तर एवढ्या लांब जायची गरज नाही.

एका ठिकाणी मात्र वेळ घालवू नका. जालन्याला आणि हिंगोलीला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी पोलीस मुख्यालय आहे, तिथे फायरिंग होतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्या जागा दलाच्या सरावासाठी आहेत, काडतुसाच्या हत्यारांसाठी आहेत. तिथे ओळखीने शिरायचा प्रयत्न करू नका.

आणि पोलीस भरतीच्या अकॅडम्या. आपल्याकडे तालुक्या-तालुक्याला त्या निघाल्या आहेत आणि काही ठिकाणी एअर रायफलच्या एक-दोन लेनही टाकल्या जातात. काही उत्तम असतात, काही ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये काहीही चाललेलं असतं. त्या तुम्हाला लगेच आत घेतील, तुमच्या रायफलसकट. इथेच मला तुमच्या प्रश्नाबद्दल थोडं बोलायचं आहे. तुम्ही आत घेणारी रेंज शोधताय. पण जी रेंज न विचारता, न तपासता कुणालाही, कोणत्याही गनसकट आत घेते, तिथे तुमच्या शेजारच्या लेनवरही तसाच कुणीतरी उभा असतो. चार प्रश्न विचारणारी, तुमचे छर्रे हातात घेऊन बघणारी, "आधी हे शिका" म्हणणारी रेंज मिळाली तर तिला धरून राहा. तुमची मुलगी तिथे उभी राहणार आहे.

ठिकाण सापडलं की आधी फोन करा आणि सरळ सांगा: "माझ्याकडे .१७७ ची स्प्रिंगची रायफल आहे. दुर्बीण काढून आणतो, चपट्या तोंडाचे छर्रे वापरतो. कागदी टार्गेटवर एखादी लेन मिळेल का? मिळत नसेल तर तुमच्या रायफलवर शिकायला येऊ का?" हे ऐकल्यावर समोरचा तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल, कारण त्याच्या मनातल्या सगळ्या शंका तुम्ही आधीच काढून टाकल्या आहेत. शुल्क तासावर आहे की महिन्यावर, रायफल आणि छर्रे त्यात धरलेत का, प्रशिक्षक कोणत्या दिवशी असतात, हेही तेव्हाच विचारून घ्या.

पहिल्यांदा जाल तेव्हा रायफल घरी ठेवा. नुसतं बसा आणि बघा. चांगल्या रेंजवर 'लोड', 'स्टार्ट', 'स्टॉप', 'अनलोड' हे शब्द एका माणसाच्या तोंडून येतात आणि सगळे ते पाळतात. 'स्टॉप' म्हटल्यावर अर्धवट धरलेला नेमही सोडून रायफल खाली येते. बाजूला ठेवलेल्या प्रत्येक रायफलच्या नळीतून रंगीत सेफ्टी दोरी आरपार गेलेली दिसते, म्हणजे आत छर्रा नाही हे लांबूनही कळतं. तुमच्या प्रकारच्या रायफलची नळी मोडून उघडी ठेवतात, त्याचा अर्थ तोच. टार्गेट बदलायला कुणी पुढे गेलं असेल तर मागे कुणीही रायफलला हात लावत नाही. हा एक नियम जरी ढिला दिसला तरी नमस्कार करून बाहेर पडा, मग ती रेंज घराजवळ असो की फुकट असो. सराव झाल्यावर मुलं साबणाने हात धुतात का, तेही बघा. छर्रे शिशाचे असतात, शिसं बोटांवरून पोटात जातं. छर्रे तोंडात धरायची सवय काहींना असते, ती तर फार वाईट.

आता लाखांच्या रायफलचा प्रश्न. वाल्थर, फाइनवर्कबाऊ, स्टायर या परदेशी मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, रायफलींच्या किमती लाखांत जातात हे खरं आहे. पण त्या कुणाला लागतात? ज्याचे नेम इतके जवळ-जवळ पडायला लागलेत की आता चूक रायफलची आहे की हाताची, हे सांगता येतं, त्याला. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छर्रा त्याच्या नऊपट रुंद. साठ शॉट, सव्वा तास, आणि दशांशात गुण, प्रत्येक शॉटला जास्तीत जास्त १०.९. हे सगळं उभं राहणं, श्वास आणि बोट यांचं काम आहे. पहिलं वर्षभर रेंजच्या रायफलवर शिका, वाटल्यास भाड्याने घ्या. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. तो नेमबाजीत आला तो शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून. आधी व्यवस्था, मग शिक्षक, मग साधन, असा क्रम खेड्यातल्या मुलांना परवडतो. उलट क्रमाने गेलं की घरात महागडी वस्तू राहते आणि शिकणं राहून जातं.

तुमची आत्ताची रायफल वाया गेली असंही नाही. शालेय स्पर्धांत 'पीप साइट' आणि 'ओपन साइट' असे एअर रायफलचे वेगळे प्रकार असतात. पीप साइट म्हणजे बारीक भोकातून बघायची, ती मॅच रायफल. ओपन साइट म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा बारीक खुंटा) असलेली साधी रायफल, आणि त्या प्रकारात देशी बनावटीच्या स्प्रिंगच्या रायफली वर्षानुवर्षं चालत आल्या आहेत. तुमच्या रायफलला मूळच्या खाच-माशी आहेत का ते दुर्बीण उतरवून बघा. असतील तर ती घेऊन जाण्याआधी त्या वर्षीचं नियमपत्रक वाचा आणि प्रशिक्षकाला दाखवा.

स्प्रिंगच्या रायफलची एक खोड लक्षात ठेवा. ट्रिगर ओढल्यावर छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच आतला दट्ट्या पुढे झेपावतो आणि रायफल हिसका देते. घट्ट आवळून धरली की प्रत्येक वेळी हिसका वेगळा बसतो आणि छर्रे पसरतात. हलक्या, सैल हातावर ती ठेवायला शिका. आणि छर्रा न भरता कधीही चालवू नका, दट्ट्या कोरडाच आपटतो आणि सील खराब होतं.

मुलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. तिला तुम्ही शिकवू नका. तुम्ही वाईट शिकवाल म्हणून नाही, तर तुम्हीही अजून शिकलेले नाही आणि तुमच्या चुका तिच्या हातात बसतील म्हणून. प्रशिक्षक आधी तिचा कोणता डोळा प्रबळ आहे ते बघेल, तिच्या उंचीला आणि ताकदीला कोणती रायफल पेलेल ते ठरवेल. मॅच रायफल साडेपाच किलोपर्यंत भरू शकते. आठवीतल्या मुलीला सुरुवातीला टेकू देऊन किंवा हलक्या रायफलवर शिकवतात. तुमच्या रायफलची नळी तिला मोडायला लावू नका. त्या स्प्रिंगला चांगलाच जोर लागतो, आणि भरताना नळी हातून सुटून मिटली तर बोटं सापडतात. तुम्हीसुद्धा छर्रा बसवताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवत जा. आणि हेही ध्यानात असू द्या की महिनाभराने तिला कंटाळा येईल किंवा खो-खो जास्त आवडेल. तसं झालं तर तुमच्या हौसेचं ओझं तिच्यावर नको.

रेंज लांब पडली, महिन्यातून दोनदाच जाता आलं, तर मधल्या दिवसांत काय करायचं? आखाड्यावर सराव करता येईल, पण आधी करत होता तसा नाही. बाटल्या बंद. काच उडते, आणि काचेवरून छर्रा कुठे जाईल सांगता येत नाही. मोकळ्या रानात सुटलेला छर्रा दोन-तीनशे मीटरही जाऊ शकतो. कापसाची पऱ्हाटी उपटल्यावर रान उघडं पडतं तेव्हा तर मध्ये अडवायला काहीच नसतं. मोजून दहा मीटर अंतर घ्या. लाकडी खोक्यात जुन्या गोधड्या, चिंध्या दाबून भरा, ते झालं छर्रे अडवायचं खोकं. त्याच्या मागे खडे काढलेल्या मातीने भरलेल्या पोत्यांची छातीच्या वर जाणारी थप्पी लावा, तिच्या मागे शक्यतो तुमचीच पक्की भिंत असू द्या. लोखंडी पत्रा मागे लावू नका, छर्रा परत येतो. रस्ता, पाऊलवाट, विहीर, गोठा त्या दिशेला नको. डोळ्यांना चष्मा हवाच.

आणि सुरुवात करण्याआधी त्या शेजाऱ्याला चहाला बोलवा. त्याला ती जागा दाखवा, खोक्यावर चार छर्रे मारून दाखवा, आणि त्याच्या रानात वेचणी, खुरपणी कोणत्या दिवशी असते ते विचारा. त्या दिवशी रायफल बाहेर निघणार नाही असा शब्द द्या आणि तो पाळा. वेळा अमावस्येला, पोळ्याला शिवारभर माणसं असतात, त्या दिवशीही नाही. पोलीस पाटलांनाही बिल दाखवून ठेवा. कायद्याने सक्ती आहे म्हणून नव्हे, उद्या कुणी तक्रार केली तर गावातल्या एका जबाबदार माणसाला खरं काय ते माहीत असावं म्हणून. शेजारी तरीही नको म्हणाला तर मात्र आखाड्याचा विचार सोडून द्या. त्याच्या रानात राबणाऱ्या बायकांना निर्धास्तपणे वेचणी करता येणं तुमच्या सरावापेक्षा मोठं आहे.

चुलतभावाच्या सल्ल्याला सरळ नाही म्हणा. रानडुक्कर, रोही (नीलगाय), हरीण, मोर, तितर, यांची शिकार वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली गुन्हा आहे. .१७७ च्या छर्ऱ्याने डुक्कर मरत नाही, ते जखमी होतं, जखम चिघळते, आणि पिसाळलेलं जनावर रात्री दुसऱ्याच कुणाच्या अंगावर जातं. पिकाचं नुकसान खरं आहे, त्याचं दुःख मला कळतं. त्यासाठी वन विभागाकडे नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. नुकसान दिसल्याबरोबर फोटो काढा, उशीर करू नका, पंचनामा होऊ द्या. आणि एकदा का तुमच्या रायफलने जनावर मारल्याची कुणकुण गावात लागली, की कोणतीही रेंज, कोणताही प्रशिक्षक तुमच्याजवळ फिरकणार नाही.

उरल्या वहिनी. विकून टाका म्हणणाऱ्या बाईला समजावून सांगण्याआधी तिला कशाची भीती वाटते ते एकदा विचारून बघा. घरात मूल आहे, येणारी-जाणारी माणसं आहेत, दुकानावर उधारीवरून वादही होत असतील. रागाच्या भरात हाताशी असावी अशी ही वस्तू नाही. रायफल कुलपात ठेवा, छर्रे दुसऱ्या कुलपात, आणि दोन्हींच्या किल्ल्या त्यांच्याकडे द्या. पाहुण्यांना दाखवायला बाहेर काढू नका, तिच्याबरोबर फोटो काढून स्टेटसला ठेवू नका. रेंज सापडली की पहिल्या भेटीला त्यांनाही घेऊन जा. तिथली शिस्त बघून त्यांचं मत बदलेल, किंवा बदलणार नाही. दोन्ही झालं तरी निर्णय तिघांनी मिळून करता येईल. विकायचंच ठरलं तर जिथून घेतली त्या दुकानातच आधी विचारा. बाहेर कुणाला दिली तर त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सही केलेली पावती ठेवा, आणि अठराच्या आतल्या मुलाला देऊ नका.

प्रवासाचं एक राहिलं. रेंजला जाताना रायफल रिकामी, स्प्रिंग न ताणलेली, बंद कव्हरमध्ये, बिलाच्या प्रतीसह न्या. एसटीत किंवा रेल्वेत नेण्याआधी चौकशी करा आणि मनाई आदेश लागू असेल तर त्या आठवड्यात घरीच ठेवा, रेंजच्या रायफलवर सराव करा. वाटेत रसवंतीवर थांबून मित्रांना दाखवायला कव्हर उघडू नका.

क्रीडा कार्यालयात जाण्याआधी मात्र मुलीच्या शाळेत जा. शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेमार्फतच भरली जाते, पालकाला ती परस्पर भरता येत नाही. तिच्या खेळाच्या शिक्षकांना भेटा, आपल्या शाळेतून रायफल शूटिंगला यापूर्वी कुणी गेलं आहे का ते विचारा. ते बहुधा नाही म्हणतील. मग त्यांनाच बरोबर घेऊन जिल्ह्याच्या कार्यालयात जा. शाळेचा माणूस सोबत असला की तिथे नावं आणि फोन नंबर लवकर मिळतात. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत स्पर्धांचं वेळापत्रक ठरू लागतं, तेव्हा हे काम जूनमध्येच उरका.